इतर, कृपया लिहा

हाउकिलाम्पीच्या पार्किंगमध्ये घडीची खुर्ची टाकून
मी बसते, शनिवार-रविवार, नऊ ते पाच.
मांडीवर फळी, फळीवर फॉर्म,
आणि सुतळीने बांधलेलं पेन.
लोक पेन घेऊन जातात, का कुणास ठाऊक;
जंगलात मात्र कागदाचा कपटाही टाकत नाहीत.

प्रश्न सतरा. वय, गाव, वर्षातून किती वेळा,
चालायला, पोहायला, गळ टाकायला की फळं खुडायला,
एकटे की सोबत,
आणि कुत्रं सोबतीत धरायचं का
हे मला अजून कुणी सांगितलेलं नाही.
मी धरते.

वाटेच्या तोंडाशी पाइनच्या खोडाला
काडेपेटीएवढं यंत्र ठोकलंय.
कुणीही पुढून गेलं की एक आकडा वाढतो.
त्याला मूस आणि मंत्री सारखेच.
मागल्या मंगळवारी पहाटे तीन ते चार
त्यानं एकतीस माणसं मोजली.
रेनडियरचा कळप, दुसरं काय.
ऑफिसातून निरोप आला, वगळा.
मी वगळले, कागदावरून.

आता बुटांवरूनच उत्तर कळतं.
नवेकोरे बूट 'शांतता'पुढे खूण करतात
आणि दोनशे पावलांवर फोनवर बोलताना ऐकू येतात.
चिखलाचे बूट 'व्यायाम' कधीच लिहीत नाहीत.
गळवाले जागा विचारली की सरळ खोटं बोलतात.
सायमाबाई, वय एक्क्याऐंशी, सगळं खरं सांगतात,
गुडघ्याचं, सुनेचं, पेन्शनचंसुद्धा;
पण हिल्लाची पिवळी फळं कुठल्या दलदलीत, म्हटलं,
तर बादलीवर रुमाल ओढून
'तिकडे', म्हणाल्या,
आणि हाताने निम्मा फिनलंड दाखवला.

आर्मास गाडीतून उतरतच नाहीत.
इंजिन बंद, काच खाली, तासभर.
यंत्राच्या लेखी ते आलेलेच नाहीत.
मी खिडकीशी फॉर्म धरला: कशासाठी येता?
थांबा, म्हणाले. बोट वर.
झाडांपलीकडे तळ्यात काहीतरी धपकन पडलं
आणि एक बाई किंचाळली.
आइली, म्हणाले. माझी बायको.
पाणी गार आहे हे तिला दर वेळी नव्यानं कळतं.
बावन्न वर्षं.
'इतर, कृपया लिहा' मध्ये त्यांनी लिहिलं:
बायकोचं ओरडणं.
ऑफिसनं ते 'निसर्गाचे आवाज' मध्ये टाकलं.

चौदावा प्रश्न न येणाऱ्यांसाठी आहे.
न येणारे भेटायचे कुठे, हे फॉर्मात नाही.
एकच भेटली, होदान,
आरोग्य केंद्रात रात्रपाळीला साफसफाई करते;
मुलाला शाळेच्या सहलीसाठी सोडायला आली,
बसथांब्याकडे परत निघालेली.
मी पर्याय वाचले: वेळ नाही, वाहन नाही,
भीती वाटते, रस नाही.
ती ऐकत राहिली, बाजारात भाव ऐकावेत तशी.
मग म्हणाली, आमच्याकडे रानात जायचं
ते हरवलेली शेळी शोधायला.
शेळी सापडली की घरी.
तुमचं काय हरवलंय, इतकी सगळी माणसं जाताहेत?

मी पेन वर धरलं होतं, ते तसंच राहिलं.
बस आली. तिनं हात केला.

आणि मग तिनं न विचारलेलंच माझ्या ध्यानात आलं:
तीन उन्हाळे मी या खुर्चीत आहे,
चारशे बारा माणसांना विचारलं, का जाता,
आणि तळं कोणत्या बाजूला वळतं
हे मला फक्त नकाशावरून ठाऊक.

सप्टेंबरचा शेवटचा रविवार. पाच वाजले.
खुर्ची मिटली, फॉर्म डिकीत ठेवले,
पेन सुतळीसकट खिशात.
यंत्रापुढून गेले. टिक् असा आवाज येतो वाटलं होतं,
तो येत नाही.

तर त्या दिवशी पाच वाजून सात मिनिटांनी एक
आणि सहाला दहा कमी असताना आणखी एक
असे दोन आकडे दिसतील, ते वगळू नका.
कारण विचारलंच तर लिहा, शेळी.
सापडली नाही.