डावा नको

वाळपईच्या दवाखान्यात सुकांती गांवस
पाचव्या महिन्यात एकदाच आली.
रक्तदाबाचा पट्टा बांधायला मी बाही सारू लागले
तशी म्हणाली, डावा नको, उजवा घ्या.
उजवाही तिने आधी स्वतः पाहिला,
मग दिला.

सहाव्यात नाही. सातव्यात नाही.
कार्ड नवऱ्याच्या स्कूटरच्या डिकीत,
आणि साडेनऊची कदंब
तिच्या दारावरूनच जाते.

काल मीच गेले, लोहाच्या गोळ्या घेऊन.
तो अंगणात काजूबिया मोजत होता.
"घरात नाही," म्हणाला, मोज न चुकवता.
मागे न्हाणीत कुणीतरी
तांब्या अगदी हळू खाली ठेवला.

गोळ्या शेजारणीच्या मिठाच्या बरणीमागे आहेत.
रजिस्टरात तिच्या नावापुढे
'गैरहजर' लिहायचं असतं.
अजून लिहिलेलं नाही.