वय, वजन

पंचफुला मडावी दुकानात आली तेव्हा
मी एका चार्जिंग पोर्टमधून
कपाशीचा तंतू चिमट्याने ओढत होतो.
आमच्याकडचे निम्मे फोन कापसाने गुदमरतात,
उरलेले धानाच्या कोंड्याने.

तिने मोज्यातून फोन काढला.
लहान लेकराचा, लोकरीचा, एकच मोजा.
दुसरा कुठे गेला, विचारायचं राहून गेलं.

"बिघडला नाई जी," ती म्हणाली,
"पन चालत नाई."

काच शाबूत. बॅटरी दिवस काढते.
स्पीकर असा, की हातपंपावरच्या बाया वळून बघतील.
फक्त पोषणाच्या अ‍ॅपवर बोट ठेवलं
की एक ओळ येते, अगदी सभ्य मराठीत:
आपले उपकरण या आवृत्तीस पात्र नाही.

पात्र नाही.
हे दोन शब्द मी आजवर
फक्त घरकुलाच्या यादीत वाचले होते.

तिला सांगितलं, नव्या अ‍ॅपला नवी सिस्टिम लागते,
ती कंपनीने धाडायची असते,
शेवटची आली होती गेल्याच्या गेल्या तान्ह्या पोळ्याला.
डिस्प्ले बदलून देतो मी,
विहिरीतून निघालेला फोन स्पिरिटने धुऊन जिवंत करतो,
पण इथे कोणता स्क्रू फिरवू?

"किती महिन्यांचा झाला हा?"
तिच्या हिशोबात वर्षं नसतात.
बोटांच्या पेरांवर मोजलं दोघांनी. अडतीस.

"अडतीस महिन्यांचं पोट्टं," ती म्हणाली,
"पायऱ्या चढते. आपल्या हातानं जेवते.
दिवसभर हे काहून, ते काहून करून डोकं खाते.
अन् हा म्हातारा झाला म्हन्ता?"

अंगणवाडीच्या आड्याला
घड्याळासारखा गोल काटा टांगला आहे,
खाली हूक, हुकाला झोळी.
त्या झोळीत मी रडलोय.
परवा माझी मुलगीही रडली.
शून्यावर यायला तो जरा वेळ घेतो,
म्हातारं माणूस ओट्यावर टेकताना घेतं तसा.
पण झोळीतल्याला त्याने कधी विचारलं नाही
की तू कितव्या आवृत्तीचा.

आता खरं बोलायचं तर
नवा फोन विकला की मला सहाशे सुटतात,
दुरुस्तीत साठ.
आणि हेही खोटं नाही
की जुन्या सिस्टिमच्या कड्या ढिल्या होतात,
रात्री चोर शिरतो, खातं धुऊन नेतो.
पण नवी कडी ठोकून द्यायची
तर घरच दुसरं बांधा म्हणणारा सुतार
मी दुसऱ्या कुठल्या धंद्यात पाहिला नाही.

हे मी तिला बोललो नाही.
काउंटरवर नवा खोका ठेवला.

तिने त्याच्या सहाही बाजू वाचल्या,
सही करण्याआधी वाचते तशा, ओठ हलवत.
कॅमेरा किती. रंग कोणता.
वजन एकशे ब्याण्णव ग्रॅम.

"वजन लिहिलं हाय," ती म्हणाली.
"वय कुठं हाय?"

मी खोका उलटा केला. मग आडवा.
चष्मा लावून ते बारीक अक्षरही पाहिलं
जे कोणी वाचू नये म्हणूनच छापतात.

तिच्या पिशवीतून तक्त्याची गुंडाळी डोकावत होती.
खाली महिने, बाजूला किलो.
दोन्ही कळल्याशिवाय
त्यावर टिंब पडत नाही,
लेकरू हिरव्यात की लाल्यात, ठरत नाही.

"मोजता येत नाई अशी वस्तू
मी कशी घेऊ सांग,"
असं काहीसं ती पुटपुटली,
की चिमूरच्या गाडीचा हॉर्न होता, नक्की कळलं नाही.

फोन पुन्हा मोज्यात गेला.
बडबडगीतं वाजतात त्याच्यावर अजून,
पोरं नाचतात,
तेवढ्याला तो पात्र आहे.

"विचारून ठेव," पायरीवरून ती म्हणाली.
कोणाला, ते सांगायच्या आत
गाडीत चढली.
खोका तसाच काउंटरवर,
आणि मी त्याच्याकडे बघत,
हातात चिमटा.