एक आस सैल

पाकिटातून निघालं पितळेचं एक पान,
पोस्टकार्डाहून थोडं मोठं.
त्यात आडवी पडलेली अख्खी वाघीण:
बाजूचे पत्रे, दारं, ब्रेकचा दांडा,
प्रत्येक तुकडा चौकटीला
बारीकशा देठाने धरून राहिलेला.
तोडला तर सुटेल, नाही तोडला
तर वर्षभर असाच ड्रॉवरमध्ये राहील.
राहिलाच होता.

डार्लिंग्टनला नोव्हेंबरात चार वाजता दिवे लागतात.
क्लिनिकमधून येते, कोट काढते,
दिवसभर लोकांच्या कानांत डोकावलेले डोळे
भिंगाखाली पुन्हा कामाला लावते.
आधी रिव्हेट.
मागून टोचा दाबायचा, बेताने,
की पुढे उमटतो मोहरीहूनही लहान फुगवटा.
एका बाजूला बहात्तर.
एकसष्टाव्याला हात घसरला.

नॉरिस हेबलथ्वेट, वय शहाऐंशी,
दर सहा महिन्यांनी माझ्याकडे येतो.
शिल्डनच्या कारखान्यात रिव्हेट ठोकता ठोकता
त्याच्या कानांतले वरचे सूर गेले:
आधी पक्षी, मग किटलीची शिट्टी,
मग नातीच्या बोलण्यातले स आणि श.
त्याला सांगितलं, आमच्यात मालडब्याला वाघीण म्हणतात.
‘टायगर? बाई-टायगर?’
बाहेर बसलेल्यांनीही ऐकलं.
शब्द तुमचाच असावा, म्हटलं,
आम्ही फक्त त्याला पट्टे दिले.

डाख लावताना बोलायचं नसतं.
पितळ चिंचेने घासलं. (सूचनापत्रात चिंच नव्हती.)
फ्लक्सचा थेंब, तापलेलं टोक,
डाख आधी गोळा होऊन रुसून बसतो,
मग काय मनात येतं कुणास ठाऊक,
फटीतून या टोकापासून त्या टोकाला पळत सुटतो.
तेवढ्या एका क्षणासाठी मी
जेवणाचं टेबल दोन महिने जेवायला दिलेलं नाही.

किटमधले पत्रे सरळ होते, अगदी शहाण्यासारखे.
पण माझ्याकडच्या फोटोतली वाघीण
वीस वर्षं कोळसा खाऊन दोन्हीकडे सुटलेली,
एक दार दुसऱ्याच कुणाचं, उसनं.
म्हणून चमच्याच्या पाठीने पोट काढलं.
नवी कोरी वस्तू जुनी करायला
नवी करण्याहून जास्त वेळ लागतो.

आणि मग रुळावर ठेवली,
तर चौथं चाक टेकेना.
बसचं तिकीट खालून आरपार जायचं.
सांध्यावर आली की कलंडायची.
सगळं काटकोनात होतं, दोन्ही आस घट्ट,
कागदावर सांगितलं तसंच.

नॉरिसने ती तपासणीच्या टेबलावर ठेवली,
एका कोपऱ्यावर बोट दाबलं, दुसऱ्यावर दाबलं.
‘घट्ट आहे फार,’ म्हणाला.
‘आमचे रूळ कधी सपाट नव्हते.
तिपाई बघितलीस ना? शेणात ठेव, फरशीवर ठेव,
डुगडुगत नाही.’

घरी येऊन पाच तासांचा सांधा
पातळ करवतीने दहा मिनिटांत कापला.
कापताना ओठ चावला होता, नंतर कळलं.
मधोमध एक तार आडवी घातली,
तिच्यावर पुढची आस झुलती ठेवली,
इकडे अर्धा मिलिमीटर, तिकडे अर्धा.
मागची घट्टच.
दोन्ही घट्ट धरून ठेवल्या
की कुठलं तरी चाक हवेत राहतं,
हे मला आजवर पितळेत कुणी दाखवलं नव्हतं.

शनिवारी चॅपलमागच्या हॉलमध्ये
क्लबवाल्यांनी रूळ मांडले होते.
तिच्यापुढे एक, मागे अकरा.
सांधा आला. पुढची आस किंचित मान कलती करून गेली,
जशी एखादी बाई गर्दीतून खांदा काढून घेते.
चारही चाकं.

नॉरिसने कानातली यंत्रं काढून खिशात ठेवली होती,
माझी, मी महिनाभर खपून बसवलेली,
आणि तळहात मांडणीच्या फळीवर टेकवला होता.
गाडी तीनदा फिरेपर्यंत तो हलला नाही.

मग वाघीण उचलून अंगठा फिरवला पत्र्यावर,
हळू, ओळीने.
‘दाराजवळचा एक वाकडा आहे.’
माहीत आहे, मी म्हटलं.
मग पुन्हा म्हटलं, मोठ्याने.