जादा दार

ऑरिन हॉगस्टाड चित्रं काढतो,
फुग्यांत अक्षरं भरते मी.
पानामागे नऊ डॉलर,
आणि बिटांच्या हंगामात दोघांनाही कारखान्याची रात्रपाळी.

आमचं व्हेस्बी नकाशात शोधू नका.
नॉर्थ डकोटाच्या उजव्या कडेला, नदी उत्तरेकडे वाहते तिथे,
एक पाण्याची टाकी, एकमेकांशी न बोलणारी दोन चर्च,
आणि ऑक्टोबरपासून साखरबिटांचे ढीग,
मालगाडीएवढे लांब, आतून सावकाश कुजणारे.
चित्राला वास नसतो. पण ऑरिनने त्या ढिगांवर
इतक्या बारीक रेघा मारल्यात
की पान उघडलं की माझं नाक आपोआप आखडतं.

त्याची गोष्ट सांगायला गेलं तर दोन ओळींची:
एका रात्रीत गावातल्या प्रत्येक घरात
एक दार जास्त होतं.
कोणी ओरडत नाही.
डेल्बर्ट त्यावर कोट अडकवतो.
मिसेस क्विट्नी बिजागरीला तेल घालते,
कुरकुरलं तर शेजाऱ्यांची झोपमोड नको.
पाचव्या अंकात डेल्बर्टचा कोट आहे, डेल्बर्ट नाही,
आणि जेवणाच्या टेबलावर त्याची जागा
बाकीच्यांनी थोडं थोडं सरकून भरून काढलीय.
कुठल्याच फुग्यात चकार शब्द नाही.
मी विचारलं, इथे काही राहिलंय का?
म्हणाला, राहिलंय ना. तेच छापायचंय.

खरा डेल्बर्ट पेट्रोल पंपावर आमचे अंक विकतो,
गळाच्या अळ्या ठेवतात त्या फ्रिजशेजारी.
गिऱ्हाइकाला पान उघडून दाखवतो:
"हा मी. इथून पुढे नाही."
आणि हसतो.
गेल्या हिवाळ्यापासून मात्र
कोट खुर्चीवर टाकतो.

दारं सगळी किलकिली. आत नुसती शाई.
दुसऱ्या कोणी दात काढले असते, एखादा ओला हात.
हा ब्रश बुडवतो आणि भरत राहतो
कागद मागून फुगेपर्यंत.
एकदा म्हणाले, एवढा काळा रंग?
"रंग नाही," तो म्हणाला, "खोली आहे."
मोजायची की राहायची,
ते मी विचारलं नाही.

मग अकराव्या अंकाचं चौदावं पान आलं.
अख्ख्या पानाची एकच चौकट. स्वयंपाकघर.
सात मिनिटं पुढे असलेलं घड्याळ,
फ्रिजवर दंतवैद्याचं कार्ड, एका कोपऱ्याने लटकलेलं,
सिंकपाशी घासून पांढरी झालेली फरशी, दोन पावलांपुरती.
आमचंच.
ऑरिनला मी कधी घरात घेतलं नव्हतं.
लहानपणी तो पेपर टाकायचा, एवढंच;
उघड्या दारातून किती दिसतं एखाद्याला.

सिंकपाशी कोणी नव्हतं. बरोबरच आहे,
आईला जाऊन तीन वर्षं झाली.
शेजारी ते दार.
वर एक रिकामा फुगा,
त्याची शेपटी वळत वळत काळ्यात शिरलेली.
समासात निळ्या पेन्सिलीने: हे तू लिही.

तीन रात्री बसले.
भीतीदायक म्हणून जे जे सुचलं ते लिहिलं,
ब्लेडने खरवडलं,
कागद तिथे इतका पातळ झाला
की दिव्यापुढे धरला तर बोट दिसे.
चौथ्या रात्री, पाळीवरून आल्यावर, बूटही न काढता,
ती नोव्हेंबर ते एप्रिल रोज जे म्हणायची तेच लिहिलं,
माझ्या नेहमीच्या उभ्या अक्षरांत:
दार लाव गं, गारठा आत येतोय.

आत. म्हणजे तिच्याकडे.
म्हणजे आपल्याकडून.

ऑरिनने वाचलं. चष्मा काढून पुसला,
पुन्हा वाचलं. पाकीट चिकटवलं.
पैसे त्याने दहा दिले, सुट्टे नव्हते म्हणाला.

घरी येऊन मी दारं मोजली नाहीत.
दिवा न लावता जे हाताला लागलं
ते हळूच ओढून घेतलं.
पूर्ण नाही.