चौथा गुरुवार

नोव्हेंबरच्या पानावर, दुधाच्या खाड्यांखाली,
निळ्या शाईनं मी लिहितो : चारूचा सण.
छापलेल्या कॅलेंडरात त्याला नाव नाही.
राहुकाळ आहे, बाकी कोरं.

ही दरवर्षी तेच म्हणते,
"दुसरा वार नव्हता का त्यांच्याकडे?
नेमका माझा उपास!"
आणि सकाळीच बामणोदला वांग्यांसाठी माणूस धाडते.

सण काय, तर लोक जेवायला बसतात
आणि पहिल्या घासाआधी एकेक जण सांगतो
आपण कोणाचं काय देणं लागतो.
एवढंच. ना देव, ना मुहूर्त.
मला आधी हसूच आलं होतं.
आमच्याकडे आभार मानतात ते शाळेच्या गॅदरिंगला,
अगदी शेवटी, खुर्च्या सरकायला लागल्यावर.

पहिल्या वर्षी कॉलेज बंद, दुकानं बंद,
बाहेर बर्फ, आणि पोरगी खोलीत
सावद्याहून नेलेले मुरमुरे खात बसलेली.
खालच्या मजल्यावरच्या डॉरिस नावाच्या म्हातारीनं
दार वाजवलं, हाताला धरून खाली नेलं.
मांस चालत नाही म्हटल्यावर
तिच्यासाठी वेगळी रताळी भाजली.
रताळी!
त्या रात्री फोनवर चारू रताळ्यांबद्दलच बोलत राहिली
आणि मला कळलं,
ही आता राहील तिथं.

आखाजीला लेकी माहेरी येतात.
नऊ आखाज्या झाल्या, निंबाला झोका नाही.
दोर माळ्यावर आहे, वेटोळं करून.
ती येत नाही तर तिच्या सणाला आपण जावं,
कुठवर, तर मळ्यापर्यंत.

तुरखाट्यांचा जाळ. सुपडू वांगी हातानंच उलटतो,
चिमटा त्याला मानवत नाही.
बडगीत मिरची, लसूण, कांद्याची पात.
धूर केळीच्या बागेत शिरून बसतो.
यंदा मी धीर केला. म्हटलं, सुपडू,
एकतीस वर्षं रात्री-बेरात्री तू बागेला पाणी दिलंस,
चारूची फी त्याच पाण्यावर निघाली.
तुझे आभार.

त्याचा हात जाळावरच थांबला.
"काय झालं गुर्जी? उद्यापासून येऊ नको का मी?"

ही इतकी हसली की उपासाचा चहा सांडला.
मी घाईघाईनं सांगितलं, नाही रे बाबा,
तिकडची रीत आहे, आजच्या दिवसाची.
तो बराच वेळ वांगं सोलत राहिला.
मग म्हणाला, "असं असंल तर
त्या रताळंवाल्या बाईलेबी म्हणा ना."

ती मार्चमध्येच गेली होती.
मी ते सुपडूला सांगितलं नाही.
राखेत एक रताळं पुरलं,
केळीचं आणखी एक पान कापलं.
"कोन्या अंगाले मांडू?" सुपडूनं विचारलं.
छत्तीस वर्षं भूगोल शिकवला मी.
म्हटलं, मांड कसंही,
दोन्हीकडून पोचतं.