देठाच्या पोटातला डाग

तोकुझो म्हणायचा, बुनाचा ओंडका आधी हाताने वाचावा.
साल घट्ट असेल तर पुढे चालू लागावं,
नख रुतलं तर गुडघे टेकावेत.
चाळीस वर्षं मी त्याच्यामागून टोपली वाहिली.
अस्वलांसाठीची घंटा माझ्या कमरेला,
सुरी त्याच्या.

यंदा सुरी माझ्याकडे आहे.
जूनपासून त्याच्या डोळ्यांत धुकं उतरलंय,
अकिताच्या डॉक्टरांनी तारीख दिलीय ती बर्फ वितळल्यानंतरची.
तोवर अळंबी थोडीच थांबणार?

तो आडव्या खोडावर बसतो, मी खुडून त्याच्या तळव्यावर ठेवते.
"नामेको," बोटं बुळबुळीत होताच म्हणतो,
"शेंबड्या पोरासारखी."
"ही हिराताके," नाकाशी नेऊन.
आणि मग, अंगठा फिरवत, जरा थांबून,
"मुकिताके. बघ, साल कशी सुटते."
गारठलेल्या नखाखाली कणभर साल आली होती,
त्याला तेवढी पुरली.

मी देठ उभा चिरला.
पांढऱ्या गरात, बुडाशी,
टिपकागदावर शाई पसरावी तसा काळा डाग.
दुसरीत तसाच. तिसरीत फिका,
उजेडाकडे धरल्यावर दिसला.
त्याच ओंडक्यावर, हातभर अंतरावर,
खरी मुकिताकेही होती,
खांद्याला खांदा लावून, सख्ख्या बहिणींसारखी.

गावात नियम पुष्कळ.
लाकडावर उगवलेलं खुशाल खावं.
देठ उभा फाटला की विष नाही.
वांग्याबरोबर शिजवलं की सगळं उतरतं.
साकुनोसुकेच्या घरी दोन वांगी घातली होती त्या दिवशी.
तिघंही वाचली, पण रात्रभर अंगणात ओणवी होती.
वांग्यांना कुणी दोष दिला नाही,
म्हणाले, तिसरं हवं होतं.

तोकुझोला मी काही बोलले नाही.
घरात तो रोज चुकतो:
चहाचा पेला, उंबरा, शर्टाची वरची गुंडी.
पण जंगलात तो कधीच चुकला नव्हता,
आणि ते सांगायला माझं तोंड उघडेना.
त्या सात मी वेगळ्या फडक्यात बांधल्या
आणि वाटभर घंटा जरा जास्तच वाजू दिली.

रात्री दिवा मालवला.
त्याच्या उशाशी बशी ठेवली,
छत्र्या पालथ्या, खालचे पदर वर.
बराच वेळ काहीच नाही. मग,
"मासुए, दिवा कुणी ठेवला?"
"कुणी नाही."
"हिरवट आहे. नाही, पाण्यासारखा... हा इथे."
आणि त्याचं बोट, महिनोन्‌महिने पेला न सापडणारं बोट,
सरळ बशीच्या मधोमध टेकलं.

"त्सुकियोताके," तो म्हणाला. चांदण्या रात्रीची अळंबी.
"किती?"
"सात."
"सातही मीच ओळखल्या?"
"सातही."
मला वाटलं आता चिडेल, किंवा कूस बदलेल.
"पाच महिन्यांत धड दिसलेली पहिली गोष्ट," म्हणाला,
"आणि तीच खायची नाही."
मग खोकला येईपर्यंत हसला.

त्यानंतर म्हणाला, ऐक.
ओढा ओलांडलास की डावीकडे
वीज पडून दुभंगलेला ओक लागेल, तो सोड.
त्याच्यावरचा, कुबड आलेला, तो.
माइताके त्याच्या मुळाशी येते, दरसाल नाही.
इथे बाप लेकालासुद्धा ही जागा सांगत नाही,
शेवटच्या श्वासापर्यंत राखतो,
कधीकधी श्वास आधी संपतो.
"थांब, लिहून घेते," मी म्हणाले.
"लिहायचं नसतं."
म्हणून त्याने पुन्हा सांगितलं, आणि पुन्हा,
सात छत्र्यांच्या उजेडात.

सकाळी त्या खोल पुरल्या, कुत्रा उकरणार नाही इतक्या.
बशी तीनदा धुतली.
घंटा बांधली, सुरी घेतली.
ओढ्याला पाणी गुडघ्याच्या वर होतं,
त्याने सांगितलं त्याहून जास्त.