डोळा भरणं

तिएन नदी समुद्राला मिळते तिथल्या बेटावर
गोडं पाणी पाहुण्यासारखं येतं-जातं.
वर्षाच्या तिसऱ्या महिन्यात खार वर चढतो
आणि साऊ थ्वा पाटात बोट बुडवून जिभेला लावते:
"आज दोन."
माझं यंत्र म्हणतं, दोन पूर्णांक एक.

साऊ म्हणजे सहावी. जन्माने पाचवी.
इकडे थोरल्यालाच दुसरा म्हणतात,
पहिला आकडा कुणालाच देत नाहीत.
का, ते तिलाही नक्की माहीत नाही.
मला वाटतं, तो खुंटासाठी राखून ठेवला असावा.

खुंट रानटी. गुडघाभर चिखलात उभा,
भरती आली काय, ओहोटी गेली काय.
त्याचं फळ पिवळं, बेचव;
पोरं साखर घालून खातात, निम्मं थुंकतात.
त्याच्या सालीत ती खिडकी कापते
आणि मामफळाचा डोळा भरते:
काटेरी, आंबटगोड, सायगावात भाव खाणारं मामफळ,
ज्याची स्वतःची मुळं
या पाण्यात दोन आठवडेही टिकायची नाहीत.

पहिल्या वर्षी मी तिला सगळं समजावलं होतं.
शेंड्यातून ऑक्सिन खाली झिरपतं,
मुळांकडून सायटोकायनिन वर येतं,
आणि कापल्या जागी दोन्हीकडच्या अनोळखी पेशी
फुगतात, चाचपडतात,
एखादी शीर हाताला लागेपर्यंत.
ती दातात पट्टी धरून ऐकत होती.
मग गाठ मारून म्हणाली,
"म्हणजे एक पत्र खाली, एक पत्र वर,
आणि मधलं पोस्ट बंद."
मी म्हटलं, हो. साधारण तसंच.
"मग आपण पोस्टमन."
आणि पुढच्या रोपाकडे सरकली.

बांधावरचं ते झाड मात्र नवव्या वर्षी मोडलं.
वादळही फार मोठं नव्हतं,
शेजारचं केळीचं पान फाटलं, एवढंच.
मोडलं ते बरोबर सांध्यावर,
बशी उचलावी तसं अलगद.
एक धागा लोंबत नव्हता.
वरचा बुंधा जाड, खालचा मनगटाएवढा.
नऊ वर्षं गोडी वरच अडकत गेली होती,
खाली उतरलीच नव्हती;
मुळं उपाशी, फळं लठ्ठ.
आणि आम्ही त्याच झाडाचा फोटो
रोपवाटिकेच्या दारावर लावला होता.

साऊ उकिडवी बसली.
त्या गुळगुळीत चकतीवर तिने बोट फिरवलं,
डाव्या हाताचं, तर्जनी.
सोळाव्या वर्षी काथ्याच्या यंत्रात त्याचं टोक गेलं होतं,
मी थोच्या डॉक्टरांनी शिवून दिलं.
लागलं, ती सांगते. नख वाढतं, ऊन रापतं.
फक्त टोचलं तर कळत नाही.
पाटातलं पाणी चाखायला ती तेच बोट वापरते.
बाकी नऊ बोटांवर चाकूचे चरे आहेत,
त्यांना खार झोंबतो.

मी विचारलं, "काही कळतंय?"
"काय कळणार," ती म्हणाली,
आणि बोट तसंच फिरवत राहिली.

खुंट तिने उपटला नाही.
महिनाभरात त्याला स्वतःची पानं फुटली,
रुंद, तकतकीत, कुणी न मागितलेली.
शेजारच्या पोरीने आताच विचारून ठेवलंय
फळं कधी धरतील. साखर तिच्या घरी आहे.
"पाणी गोडं झालं की बघू,"
साऊ म्हणते, "दुसऱ्या झाडाचा डोळा."
पण चाकूला धार लावत नाही.

वहीत मी लिहिलं: सांधा जुळला नाही.
तिने विचारलं, काय लिहिलंस?
वाचून दाखवलं.
"खोड ते," ती म्हणाली.
"लिही, लागलं होतं.
नऊ वर्षं."